६८५ म्हणजे पांढरा

व्हिज्युअल इफेक्ट्सच्या स्टुडिओत फाइलींचं रूपांतर आता स्क्रिप्ट करते. चित्रीकरणाच्या फाइली सर्व्हरवर आल्या की कलाकारांसाठी ओपनईएक्सआर फ्रेम आणि संकलकासाठी हलकी डीएनएक्सएचडी फाइल आपोआप तयार होते. हा बदल बहुधा वेळ वाचल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वेळ वाचला हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की जे कारागिराच्या नजरेत होतं ते या निमित्ताने पहिल्यांदा लिहून काढावं लागलं.

फिल्मच्या काळात प्रतिमा एकत्र करण्याचं काम ऑप्टिकल प्रिंटरवर चाले. प्रत्येक नव्या प्रतीत दाणेदारपणा वाढे. म्हणूनच १९७७च्या ‘स्टार वॉर्स’साठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने मोठ्या निगेटिव्हचं व्हिस्टाव्हिजन वापरलं. चाचणीपट्ट्या पाहून एक्स्पोजर ठरवणारा माणूस जाणकार असे, आणि प्रत बिघडली तर ती डोळ्यांना दिसे. डिजिटल फाइलीने ही सोय काढून घेतली. कोडॅकच्या सिनिऑन प्रणालीवर १९९३ मध्ये ‘स्नो व्हाइट’चं पुनरुज्जीवन झालं. सिनिऑनच्या १० बिट फाइलीत ० ते १०२३ असे आकडे फिल्मची घनता नोंदवतात. संदर्भाचा काळा ९५ला, पांढरा ६८५ला, आणि त्यावरची जागा ज्वाला-चकाकीसाठी. हे ठाऊक नसलेल्याने ती फाइल साध्या व्हिडिओसारखी उघडली तर चित्र फिकं दिसतं. ६८५च्या वरचं सगळं छाटलं तर ज्वालेतला तपशील जातो. दोन्ही वेळा संगणक काहीच तक्रार करत नाही. त्यात २०४८ बाय १५५६ची एक फ्रेम सुमारे १३ एमबीची, म्हणजे पडद्यावरच्या एका सेकंदाला ३०० एमबीहून अधिक. इतका पसारा हाताने बदलणं अशक्य होतं, आणि स्क्रिप्टला अंदाज बांधता येत नाही. पांढरा कुठे, छाटायचं की राखायचं, हे तिला स्पष्ट सांगावंच लागलं.

सर्वांनी एकच फाइल-प्रकार स्वीकारला असता तर रूपांतराची गरजच उरली नसती, असा एक आक्षेप आहे. ओपनईएक्सआर हा फाइल-प्रकार तर २००३ मध्येच सर्वांसाठी खुला झाला. तरी संकलकाला हलकी फाइल लागते, कलाकाराला प्रकाशाची पूर्ण श्रेणी, आणि या गरजा एका फाइलीत मावत नाहीत. त्यामुळे पुढची मोठी पावलं पडली ती रंगांच्या रूपांतराचे नियम सामायिक करण्याकडे: सोनी पिक्चर्स इमेजवर्क्सचं ओपनकलरआयओ २०१० मध्ये, ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या एसीईएस या रंगप्रणालीची पहिली आवृत्ती २०१४ मध्ये. त्याच वर्षी लंडनची डबल निगेटिव्ह आणि मुंबईत मुळं असलेली प्राइम फोकस वर्ल्ड या व्हिज्युअल इफेक्ट्सच्या दोन कंपन्या एकत्र आल्या. दोन खंडांत वाटलेल्या कामाला एकाच्या नजरेचा आधार पुरत नाही. नियम मात्र फाइलीबरोबर पाठवता येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माणूस एका शॉटमध्ये चुकेल, स्क्रिप्ट हजारो फ्रेममध्ये तीच चूक करेल. हे मान्यच करायला हवं. पण सगळीकडे सारखी झालेली चूक एका ओळीपर्यंत शोधता येते आणि मूळ फाइलींवरून काम पुन्हा करता येतं; पाच जणांच्या पाच अंदाजांचा माग लागत नाही. अट इतकीच, की मूळ फाइल जपलेली असावी आणि निकाल कुणीतरी जाणत्या नजरेने तपासावा. ऑप्टिकल प्रिंटरवरच्या कारागिराची जबाबदारी आज नियम लिहिणाऱ्याकडे आली आहे, आणि ते काम नवशिक्याच्या गळ्यात टाकणारा स्टुडिओ खर्च वाचवत नाही, पुढे ढकलतो.