खुब्याची विकृती, मोठ्या कुत्र्यांमधील : वेदना आणि सांभाळ (परभणी जिल्हा)

खुब्याची विकृती (हिप डिस्प्लेशिया) : मोठ्या चणीच्या कुत्र्यांच्या मागच्या पायांना वाढीच्या वयात जडणारा आणि बहुधा जन्मभर सोबत राहणारा सांध्याचा दोष. खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत नीट बसून फिरते. या दोषात वाटी उथळ राहते, सांधा धरून ठेवणारे बंध सैल पडतात आणि डोके पावलागणिक थोडे बाहेर सरकून पुन्हा आत आदळते. कूर्चा झिजते, सांध्याला सूज येते, सैल सांधा आवळून धरण्यासाठी शरीर कडेने नवे हाड चढवते आणि सांध्याला कायमचा वात जडतो. परभणीकडे मालक हे दुखणे ‘कंबर गेली’, ‘वात धरला’ किंवा ‘मागून लकवा मारला’ असे सांगतात. त्यातला शेवटचा शब्द घात करतो. लकव्यात पाय लुळा पडतो. या विकारात पाय चालतो, पण दुखतो. लकवा समजून मालक हात टेकतो आणि ज्याला आराम मिळू शकला असता ते जनावर कोपऱ्यात पडून राहते.

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड (जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘अल्सेशियन’), रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर आणि सेंट बर्नार्ड या जातींत विकृतीचे प्रमाण अधिक आहे. शहरातल्या बंगल्यांपासून शेतातल्या आखाड्यापर्यंत राखणीला आणि हौसेला पाळली जाणारी मोठी कुत्री बहुतेक यांच्यातलीच असतात. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ, धावत्या जातींत हा दोष क्वचित आढळतो. शेजारच्या लातूर जिल्ह्यात जानवळ भागात जोपासलेला कारवानी त्याच बांध्याचा कुत्रा. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या या मुलखात राखणीसाठी कुत्रा हवा असेल, तर आधी त्याचा विचार व्हावा.

विकृतीचे पहिले वर्णन अमेरिकी पशुवैद्य गेरी श्नेल यांनी १९३५ मध्ये केले. तेव्हा ती दुर्मीळ वाटली होती. पुढे क्ष-किरण चित्रे सर्रास काढली जाऊ लागली आणि तिचा पसारा कळला. पैदाशीच्या कुत्र्यांचे खुबे तपासून त्यांची नोंद ठेवणारी ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था १९६६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली.

दोष आनुवंशिक आहे, मात्र तो एकाच जनुकामुळे येत नाही. अनेक जनुके मिळून कल ठरवतात आणि तो कल किती फळाला येईल हे वाढीच्या महिन्यांतले खाणे-पिणे व हालचाल ठरवते. पिल्लू जन्मते तेव्हा खुबा दिसायला ठीकच असतो. सैलपणा पुढच्या काही आठवड्यांत येतो. या बाबतीत लॅब्राडोर कुत्र्यांवरचा, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक दीर्घ अभ्यास महत्त्वाचा आहे. ४८ पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे जन्मभर दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे खुबे अधिक चांगले राहिले, संधिवात उशिरा आला, आणि त्यांचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षांऐवजी १३ वर्षे भरले. आपल्याकडे पिल्लू गुटगुटीत दिसले की कौतुक होते. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या बाबतीत हे कौतुक आवरले पाहिजे. हाडे मजबूत व्हावीत म्हणून तयार खाद्यावर वरून कॅल्शियमची बाटली पाजणे हेही अपायकारक ठरते. उलट, नुसत्या भाकरी-दुधावर किंवा नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाची हाडे वेगळ्या कारणाने कमकुवत होतात. नॉर्वेतील एका अभ्यासात तीन महिन्यांच्या आतच रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत धोका वाढलेला, तर मऊ मातीवर मोकळे बागडणाऱ्यांत कमी झालेला दिसला. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातीत वर्षाच्या आत नसबंदी केल्यासही सांध्यांच्या तक्रारी वाढतात. तिची वेळ पशुवैद्याला विचारून ठरवावी.

ओळख. त्रास दोन वयांत वर येतो. पहिला पाच ते दहा महिन्यांच्या सुमारास, सांधा सैल असल्यामुळे. दुसरा प्रौढ वयात, संधिवातामुळे. कुत्रे सहसा कण्हत नाही, त्यामुळे पाहावे लागते ते त्याचे वागणे. सकाळी उठताना ते आधी पुढच्या पायांवर भार घेते आणि मागचे अंग ओढून वर आणते. पळताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम टाकते. चालताना कंबर झोके खाते, मागचे पाय जवळजवळ पडतात, मांड्या वाळतात आणि खांदे मात्र भरत जातात. पूर्वी गेटपर्यंत धावणारे कुत्रे जागेवरूनच भुंकते. जिन्याशी थबकते. पाठीवरून हात फिरवताना कधी नव्हे ते गुरगुरते. ‘म्हातारा झाला, आता शांत झाला’ असे घरच्यांना वाटते. सात-आठ वर्षांचे मोठे कुत्रे अचानक शांत होणे म्हणजे बहुतेक वेळा दुखणे, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

अशीच लक्षणे इतर विकारांतही दिसतात. गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया ताप सांधे धरतो, गुडघ्याचा आतला बंध तुटला तरी मागचा पाय लंगडतो, जर्मन शेफर्डमधला मज्जारज्जूचा ऱ्हास न दुखता पाय निकामी करतो. त्यात नखे जमिनीवर घासून झिजतात. पिल्लाला डिस्टेंपर झाला तरी मागचे अंग जाते. म्हणून निदान अंदाजावर सोडू नये. भूल देऊन, कुत्र्याला उताणे ठेवून, दोन्ही मागचे पाय सरळ ताणून खुब्याचा एक्स-रे काढतात. त्यावर मोजलेला नॉरबर्ग कोन (डोके वाटीत कितपत बसले आहे ते दाखवणारा) साधारण १०५ अंशांपेक्षा कमी भरला तर सांधा सैल मानतात. एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्षातले दुखणे यांचा मेळ मात्र नेहमी बसत नाही. चित्र भयानक असलेले कुत्रे आनंदाने हिंडते, चित्र बरे असलेले उठत नाही. उपचार कुत्र्याकडे पाहून ठरतात.

जिल्ह्यात यासाठी पहिली जागा परभणीचे पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय. ते १९७२ मध्ये सुरू झाले, आधी मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत होते आणि २००० पासून नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. जिंतूर, गंगाखेड, पाथरी, पालम अशा तालुक्यांतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचा बहुतेक वेळ गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांत जातो. लंगडणाऱ्या कुत्र्याला मालकाने तिथे जरूर दाखवावे आणि एक्स-रेसाठी परभणीला पाठवण्याची चिठ्ठी मागून घ्यावी.

घरचा सांभाळ. या दुखण्यातला मोठा आराम औषधापेक्षा घर आणि अंगणात मिळतो, आणि तो जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात देता येतो.

वजन सर्वांत आधी. फासळ्या हाताला सहज लागाव्यात आणि वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसावी. जाड कुत्र्याचे वजन सहा-सात टक्क्यांनी उतरले तरी लंगडणे कमी होते, असे मोजून दिसले आहे. ४० किलोच्या लॅब्राडोरसाठी हे जेमतेम अडीच-तीन किलो होतात. घरातल्या चौघांनी चार वेळा टाकलेली चतकोर भाकरी, चहाबरोबरचे बिस्कीट, सणाची पोळी यांचा हिशेब कुणीच ठेवत नाही. दिवसाचे खाणे सकाळी एका डब्यात मोजून ठेवावे आणि दिवसभर सगळ्यांनी त्यातूनच द्यावे. उन्हाळ्यात जाड कुत्र्याला उष्माघाताचा धोकाही जास्त असतो.

मग फरशी. नव्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्स आणि जुन्या घरांतली घासून चकचकीत झालेली शहाबादी फरशी अशा कुत्र्याची वैरी आहे. पाय फाकतो, सैल सांधा ताणला जातो आणि कुत्रे उठायलाच घाबरते. पाण्याच्या भांड्यापासून अंथरुणापर्यंत आणि तिथून दारापर्यंत तरट, गोणपाट किंवा रबरी पट्ट्या अंथराव्यात. नखे कापावीत, पंजातले केस काढावेत. अंथरूण जाड हवे. दोन जुन्या गोधड्या शिवून एक केलेली गादी चांगली. हाडे टोचतील इतकी पातळ सतरंजी उपयोगाची नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा उतरतो आणि सकाळी कुत्रे आखडलेले उठते. त्याला उघड्या ओट्यावर न निजवता आत घ्यावे, सकाळी मांड्यांवर कोमट कापडाने दहा-पंधरा मिनिटे शेक द्यावा आणि हलके चोळावे.

हालचाल थांबवू नये, पण तिला बेत असावा. दिवसभर साखळीला बांधून संध्याकाळी एकदम दोन किलोमीटर पळवणे हे सर्वांत वाईट. दोरीने, सावकाश, पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा चालवावे. चेंडू फेकणे, जीपमधून उडी मारणे बंद करावे. गाडीला फळी लावून वर गोणपाट बांधले की उतार तयार होतो. एप्रिल-मे महिन्यांत डांबरी रस्ता संध्याकाळी सातलाही पंजा भाजतो, म्हणून फिरणे उजाडण्यापूर्वी उरकावे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायांना गोळ्यांसारखा चिकटतो आणि प्रत्येक पाऊल उपसून काढावे लागते. तेव्हा शेताऐवजी मुरमाच्या वाटेने न्यावे. चालताना कंबर खचत असेल तर जुन्या सुती साडीची रुंद घडी पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढे घालून दोन्ही टोके वर धरावीत. घरच्या कुणालाही हे जमते.

पोहण्यात सांध्यावर भार न येता मांड्या भरतात. मात्र त्यासाठी जायकवाडीचा कालवा किंवा शेततळे वापरू नये. कालव्याला ओढ असते, बाजूचे अस्तर घसरते. शेततळ्याच्या प्लास्टिकवर धडधाकट कुत्र्यालाही नखे रोवता येत नाहीत आणि ते काठाशी थकून बुडते. छातीइतके संथ पाणी, पायऱ्या असलेला हौद, कुत्र्याच्या अंगात पट्टा आणि सोबत पाण्यात उतरलेला माणूस, हे सारे जमत असेल तरच पोहवावे.

औषधे. पशुवैद्य बहुधा मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन किंवा फिरोकॉक्सिब यांपैकी एक सूजनाशक वेदनाशामक देतात. दुखणे जुने असेल तर जोडीला गॅबापेंटिन. डोस वजनावर ठरतो. औषध खाण्यानंतर द्यावे, दीर्घकाळ चालू असेल तर यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि उलटी, खाणे सोडणे किंवा डांबरासारखी काळी शी दिसताच बंद करून दवाखाना गाठावा. उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर याच औषधांनी मूत्रपिंडाला इजा होते. दोन सूजनाशक वेदनाशामके एकत्र, किंवा त्यांपैकी एखादे स्टेरॉइडच्या जोडीने कधीही देऊ नये. माशाच्या तेलातील ओमेगा-३ चा उपयोग होतो. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांबद्दलचा पुरावा दुबळा आहे.

माणसांच्या मेडिकलमधली गोळी कुत्र्याला देणे हा जीवघेणा प्रकार आहे. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी जठराला जखमा होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होतात. पॅरासिटामॉलचा जादा डोस यकृत घालवतो. डायक्लोफिनॅकने गिधाडे मरू लागल्यामुळे २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर देशात बंदी आली, पण माणसांसाठी ते सगळीकडे मिळते आणि मालक कळवळून तेच देतो. दुखऱ्या जागी चोळलेले मलमही कुत्रे चाटते आणि ते पोटात जाते. बिब्बा घालणे आणि तापल्या सळईने डाग देणे हे लंगड्या बैलांवरचे जुने उपाय आहेत; काही जण ते कुत्र्यावरही करतात. त्याने सांधा घट्ट होत नाही. एका वेदनेत भाजल्याची दुसरी वेदना भरते, म्हणून ते मुळीच करू नये.

शस्त्रक्रिया. पिल्लूवयात कमरेच्या हाडाची दिशा बदलता येते, पण त्यासाठी निदान दहा महिन्यांच्या आत व्हावे लागते. प्रौढ कुत्र्यात मांडीच्या हाडाचे डोके काढून टाकतात. हाडावर हाड घासणे थांबते आणि स्नायू भार पेलतात. हलक्या कुत्र्यांत याचा निकाल अधिक चांगला येतो. मोठ्या कुत्र्यासाठी सर्वांत सरस उपाय म्हणजे कृत्रिम खुबा, पण तो खर्चिक आहे आणि मोजक्याच ठिकाणी होतो. रतन टाटा यांनी आपल्या कुत्र्याला सांधारोपणासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात नेले होते. पोहोचायला उशीर झाल्याने रोपण शक्य झाले नाही आणि डॉक्टरांनी सांधा एका स्थितीत अचल करून दिला, असे त्यांनी स्वतः सांगितले होते. या अनुभवाचा वाटा असलेले टाटा ट्रस्ट्सचे प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला सुरू झाले. परभणीहून मुंबई रेल्वेने पाचशे किलोमीटरहून दूर आहे. इतकी साधने हाताशी असलेल्या माणसालाही ज्या उशिराने अडवले, तो उशीर परभणीत अंगणातल्या पिल्लाकडे वेळीच नीट पाहून टाळता येतो.

सगळे करूनही काही कुत्री उठू शकत नाहीत, शी-शू अंथरुणातच होते, पाठीला जखमा पडतात, हाक मारली तरी शेपटी हलत नाही. अशा वेळी पशुवैद्याच्या हातून दयामरण देण्यात अपराध नाही. अशा कुत्र्याला रानात सोडून येणे मात्र अपराध आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हाही ठरतो.

विकृती असलेल्या नर-मादीची पैदास करू नये. ‘एक वेळ पिल्लं होऊ द्या’ हा आग्रह पुढच्या पाच-सहा कुत्र्यांच्या दुखण्याला कारण होतो. मोठ्या जातीचे पिल्लू घ्यायला निघालेल्याने आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू घेऊ नये, आणि वंशावळीचा कागद पाहण्याआधी पिल्लाच्या आई-बापाच्या खुब्यांचा एक्स-रे दाखवायला सांगावा. तो दाखवता येत नसेल तर दोघांना समोर चालवून, बसवून, उठवून पाहावे, आणि उठताना मागचे अंग ओढत असेल तर पिल्लू कितीही गोड असले तरी घेऊ नये.