रानपिंगळ्याच्या पायाची चिठ्ठी

तिन्हीसांजेला जुन्या झाडाच्या ढोलीतून डोकावणारा पिंगळा आमच्या मैलूरकडे कोणास नवा नाही. पहाटे दारी येऊन भाकीत सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही आपण पिंगळाच म्हणतो. त्याला या पक्ष्याची बोली कळते, अशी समजूत. या पिंगळ्याचा एक रानटी भाऊबंद आहे. तो रानपिंगळा शंभरावर वर्षे शास्त्रज्ञांच्या लेखी नाहीसा झाला होता. रानात वावरणाऱ्यांना तो दिसत असेलही. त्यांना विचारतो कोण?

१८७२ साली ब्लेविट या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडमध्ये तो प्रथम मिळविला, आणि १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव निगडित आहे, तेच. पुढे १८८० नंतरच्या काही वर्षांत जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात, शहादे-तळोदे भागात, आणखी काही पक्षी मिळविले. त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी मारून त्याचे कातडे भरून ठेवीत, आणि पायाला चिठ्ठी बांधीत. तीवर ठिकाण, तारीख व मिळविणाऱ्याचे नाव एवढेच लिहिलेले असे. जगातील संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याची अशी सातच कातडी होती.

त्यांपैकी एकाच्या चिठ्ठीवर गुजरातेतील तापीकाठचे मांडवी व १९१४ हे साल होते. खाली नाव कर्नल रिचर्ड मेनर्ट्झहागेन यांचे. सैन्यातील कीर्तिमान माणूस. त्याच्या शब्दावर संशय घ्यावयाचा कोणी? शोध करणारे मांडवीकडेही वळले. निजामी संस्थानाची, म्हणजे आमच्या बिदर-गुलबर्ग्याचीही, १९३१-३२ साली पक्षिपाहणी करणाऱ्या सलीम अलींसारख्यांनाही या पक्ष्याचा शोध लागला नाही.

पुढे अमेरिकेतील पॅमेला रासमुसेन यांनी ही सारी कातडी तपासली. क्ष-किरणांखाली मांडवीच्या पक्ष्याची हकीकत उघडी पडली. ते कातडे उसवून पुन्हा भरलेले होते. मूळ भरणीची धाटणी डेव्हिडसनची होती. कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातील पक्षी चोरून त्यावर आपली चिठ्ठी बांधली होती! चोरीपेक्षा ती चिठ्ठी मला अधिक घातक वाटते. कातडे चोरल्याने संग्रहालयाचे नुकसान झाले. पण ज्या रानाकडे पाहावयाचे, तिकडून लोकांची नजरच तिने दुसरीकडे नेली, आणि मधल्या काळात सागाची जंगले तुटत राहिली.

खोटे ठिकाण वगळल्यावर जुन्या खऱ्या नोंदी तेवढ्या उरल्या. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट त्यांच्या मागाने निघाले. पूर्वेकडील ठिकाणी काही दिसले नाही. मग ते खानदेशात आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्यानजीक, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, भर सकाळी एक रानपिंगळा उघड्या फांदीवर बसलेला आढळला. साध्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके त्याच्या माथ्यावर नव्हते. डेव्हिडसनने ज्या मुलखाचे नाव लिहून ठेवले, तोच हा मुलूख.

ओळख पटल्यावर शोधाला दिशा मिळाली. मेळघाटात, यावलच्या अभयारण्यात, मुंबईजवळच्या तानशाच्या रानातही तो सापडला. सरड्यांवर व उंदरांवर जगणारा, दिवसाही हिंडणारा हा पक्षी जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो, हे पाहणीतून कळले. म्हणजे कोणती झाडे राखावयाची, हेही कळले. २०१८ साली आंतरराष्ट्रीय यादीत त्याला अतिसंकटग्रस्त वर्गातून एक पायरी खाली, संकटग्रस्त वर्गात आणण्यात आले.