थर्मोस्टॅट म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नव्हे

हिवाळ्यात गॅसचे बिल वाढले की आपण दरांना बोल लावतो. २०२१-२२ पासून दर वाढले हे खरेच. पण शेजारी शेजारी असलेल्या दोन सारख्या घरांची बिलेही सारखी येत नाहीत. फरक बराचसा सवयींचा असतो. सभासदांच्या उपयोगासाठी ही थोडी माहिती.

चहा आणि वीज

४ जुलै १९९० रोजी फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरले. सामना संपताच घराघरांत केटल लागल्या आणि देशाची विजेची मागणी एकदम सुमारे २,८०० मेगावॅटने वाढली. अशा वेळी वेल्समधील डिनॉर्विग केंद्र (१९८४) धावून येते. तेथे मागणी कमी असताना पाणी वरच्या तलावात चढवतात आणि गरज पडली की खाली सोडून वीज करतात. आपल्याकडे अकोले तालुक्यातील घाटघर प्रकल्पही याच तत्त्वावर चालतो.

म्हणजे किती वीज वापरली याइतकेच कधी वापरली हेही महत्त्वाचे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात संध्याकाळी ४ ते ७ या वेळेत मागणी सर्वाधिक असते. या वेळी वापर कमी करणाऱ्या घरांना २०२२-२३ च्या हिवाळ्यात मोबदला देण्याची योजनाही राबवली गेली. शेवटचे कोळसा वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. आता वारा पडला की संध्याकाळची भूक मुख्यतः गॅसच भागवतो. म्हणून कपड्यांचे मशीन सातनंतर लावावे, मात्र झोपण्यापूर्वी संपेल असे. यातून पैसे वाचतीलच असे नाही. त्यासाठी वेळेनुसार दर असलेली योजना हवी.

घर तापवताना

पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की वारा वाढतो. थर्मोस्टॅटचे तसे नाही. २५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही. बॉयलर फक्त जास्त वेळ चालतो. २० अंश हवे असतील तर २० वरच ठेवावे. वापरात नसलेल्या खोलीच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह कमी करावा.

कंडेन्सिंग बॉयलरला रेडिएटरमधून परतणारे पाणी जितके कमी गरम, तितका गॅस कमी लागतो. कॉम्बी बॉयलर असल्यास रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान ६० अंशांपर्यंत आणावे, असा सरकारी सल्ला आहे. गरम पाण्याची टाकी असलेल्या घरांनी मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय हा बदल करू नये. टाकीतले पाणी पुरेसे गरम नसेल तर लिजनेला हे घातक जंतू वाढू शकतात.

ओल आणि बुरशी

आपल्या स्वयंपाकात उकळणे, शिजवणे भरपूर. त्यात धुतलेले कपडे रेडिएटरवर वाळत घातले की सगळी वाफ थंड भिंतींवर बसते आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवावे, एक्झॉस्ट फॅन लावावा. कपडे एकाच खोलीत, दार लावून आणि खिडकी किंचित उघडी ठेवून वाळवावेत. डाळ भिजवून कुकरमध्ये लावण्याची आपली जुनी रीत तर इंधन आणि वाफ दोन्ही वाचवते.

काटकसर कुठे थांबवावी

दरावरील सरकारी मर्यादा (प्राइस कॅप) प्रत्येक युनिटच्या दराला आणि रोजच्या स्थिर आकाराला असते, एकूण बिलाला नसते. जास्त वापरले तर बिल जास्तच येणार. या धास्तीने काही घरांत हीटिंग बंदच ठेवतात, आणि भारतातून आलेले आईबाबा "आम्हाला चालतं" म्हणत दोन स्वेटर घालून बसतात. त्यांच्या बोलण्यावर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश तापमान ठेवण्यास सांगते. वृद्ध, तान्ही मुले व आजारी माणसांना त्याहून थोडे जास्त लागू शकते. थंडीने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो.

तेव्हा बचत रिकाम्या खोलीत करा, माणसे बसलेल्या खोलीत नको. आईबाबांच्या खोलीत एक साधा तापमापक ठेवा आणि त्यांना विचारण्याऐवजी तोच वाचा.