तासगावचे गोपुर

कर्नाटकच्या मोहिमांत दक्षिणेतील देवालयांचे वैभव प्रत्यक्ष पाहिलेल्या सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांनी तासगावी १७७९ मध्ये गणपतीच्या देवालयाचा आरंभ केला. ते सिद्धीस गेले १७९९ मध्ये, भाऊ रणांगणी पडले त्याच वर्षी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब यांच्या हातून. मराठी मुलखात विरळा असे त्याचे सात मजली गोपुर, म्हणजे प्रवेशद्वारावरचा मनोरा, पाहताना जाणवते ते हे, की प्रत्येक मजला खालच्या मजल्याचीच आकृती किंचित संकोचून पुन्हा मांडतो, आणि ज्या नियमाने बैठक सजली त्याच नियमाने माथाही सजतो.

हेच स्वसादृश्य फ्रॅक्टल भूमितीचे बीज होय. गणितज्ञ बेनुआ मँडेलब्रॉ यांनी १९८० च्या सुमारास संगणकावर रेखाटलेल्या आकृतीतील पुनरावृत्तीला अंत नाही, गोपुराची सातव्या मजल्यावर विराम पावते, एवढेच. आज असा नियम संगणकाला चार ओळींत सांगून थ्रीडी प्रिंटरवर शिल्प उतरविता येते; परंतु चुन्यात हात घालून तो नियम आकाशात उभा करणाऱ्या गवंड्यांची बुद्धी मला अधिक थोर वाटते.

पटवर्धनांची तासगावची जहागीर १८४८ मध्ये खालसा झाली; गोपुर मात्र कायम आहे. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी त्याच्या मजल्यांची मापे घेऊन त्यांच्या संकोचण्याचे प्रमाण एकदा संगणकावर मांडावे.