संगणक उपयोजन व व्यवसाय व्यवस्थापन (पदवी शिक्षण)

संगणक उपयोजन व व्यवसाय व्यवस्थापन या दोन विद्याशाखांचा एकत्रित अभ्यास असलेले पदवी शिक्षण महाराष्ट्रात प्रामुख्याने बी.सी.ए. (बॅचलर ऑफ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स) आणि बी.बी.ए. (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन) या नावांनी ओळखले जाते. बारावीनंतर प्रवेश मिळणाऱ्या या अभ्यासक्रमात आज्ञावली लेखन, विदागार व्यवस्थापन व संगणक जाल यांच्या जोडीने लेखाकर्म, व्यवस्थापनाची तत्त्वे, विपणन आणि व्यावसायिक संज्ञापन हे विषय शिकविले जातात. व्यवसायाची गरज समजून घेऊन तिला अनुरूप संगणक प्रणाली घडविणारा पदवीधर तयार करणे, हा या शिक्षणाचा हेतू होय.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात व्यवस्थापन आणि संगणक यांचे विद्यापीठीय शिक्षण प्रारंभी स्वतंत्रपणे वाढले. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. पुणे विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र विभाग १९७१ मध्ये सुरू झाला. हे शिक्षण पदव्युत्तर स्तरावरचे होते. बँका, विमा कंपन्या, कारखाने व सरकारी कार्यालये यांच्या कामकाजात संगणक आल्यावर दोन्ही विषयांची जाण असलेल्या मनुष्यबळाची गरज भासू लागली आणि पदवी स्तरावर संयुक्त अभ्यासक्रम आले. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी वर्गांमुळे तालुक्याच्या गावांतील व मोठ्या खेड्यांतील विद्यार्थ्यांना संगणकाचा प्रथम परिचय झाला.

नावे व विद्याशाखा

या शिक्षणातील पदव्यांची नावे परस्परांशी मिळतीजुळती असल्याने विद्यार्थी व पालक यांचा गोंधळ होतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बी.सी.ए. (सायन्स) हा अभ्यासक्रम विज्ञान शाखेत आहे. वाणिज्य शाखेतील बी.सी.ए.चे नाव पुढे बदलून बी.बी.ए. (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन) असे करण्यात आले. पहिल्यात संगणकशास्त्राकडे, तर दुसऱ्यात व्यवसायातील संगणक वापराकडे अधिक कल असतो. बी.सी.एस. अथवा बी.एस्सी. (संगणकशास्त्र) ही याहून वेगळी, मूलतः विज्ञानाची पदवी आहे. केवळ बी.बी.ए. वा बी.एम.एस. या पदव्यांमध्ये व्यवस्थापन प्रधान असून संगणकाचा भाग अल्प असतो.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

अभ्यासक्रम सत्र पद्धतीने चालतो. तीन वर्षांत सहा सत्रे असतात. विद्यापीठानुसार विषयांत फरक असला तरी सर्वसाधारण मांडणी पुढीलप्रमाणे असते :

* संगणकविषयक : सी, जावा व पायथन या आज्ञावली भाषा, विदा संरचना, विदागार व एसक्यूएल, संकेतस्थळ निर्मिती, संगणक जाल, सॉफ्टवेअर अभियांत्रिकी.
* व्यवस्थापनविषयक : व्यवस्थापनाची तत्त्वे, वित्तीय लेखाकर्म, संघटनात्मक वर्तन, मानव संसाधन व्यवस्थापन, डिजिटल विपणन.
* पायाभूत : व्यावसायिक गणित, संख्याशास्त्र, व्यावसायिक संज्ञापन, इंग्रजी.

अंतिम वर्षात बहुधा प्रकल्प करावा लागतो. दोन्ही शाखांचा संबंध प्रकल्पात स्पष्ट होतो. उदाहरणार्थ, आडत दुकानासाठी प्रणाली तयार करताना शेतकरी, माल, वजन, दर, हमाली, तोलाई व आडत यांच्या नोंदींचे तक्ते आखावे लागतात. तक्ते आखणे हे संगणकाचे काम आहे. परंतु शेतकऱ्याच्या पट्टीतून कोणती रक्कम वजा होते, कोणती खरेदीदाराकडून घेतली जाते आणि दोन्ही बाजूंचा जमाखर्च कसा जुळतो, हे लेखाकर्माच्या ज्ञानाशिवाय कळत नाही. यांपैकी एक बाजू कच्ची राहिल्यास प्रणाली चालते, पण हिशेब चुकतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून श्रेयांकाधारित नवी रचना आली. तीत एका वर्षानंतर (४० ते ४४ श्रेयांक) प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर (८० ते ८८) पदविका, तीन वर्षांनंतर (१२० ते १३२) पदवी आणि चार वर्षांनंतर (१६० ते १७६) ऑनर्स पदवी अशी सोय आहे. आर्थिक वा कौटुंबिक अडचणीमुळे शिक्षण मध्येच थांबवावे लागलेल्या विद्यार्थ्यास त्यामुळे अगदी रिकाम्या हाती परतावे लागत नाही.

प्रवेश प्रक्रिया

पूर्वी या अभ्यासक्रमांचे प्रवेश महाविद्यालय स्तरावर, बहुधा बारावीच्या गुणांवर होत असत. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बी.सी.ए., बी.बी.ए. व बी.एम.एस. हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत आणले. त्यानंतर राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाने त्यांच्यासाठी स्वतंत्र सीईटी सुरू केली. पहिली परीक्षा २९ मे २०२४ रोजी झाली. इंग्रजी, तर्कशक्ती, सामान्य ज्ञान आणि संगणकाची मूलतत्त्वे हे तिचे विषय होते. परीक्षेची माहिती अनेकांपर्यंत वेळेत न पोहोचल्याने त्याच वर्षी अतिरिक्त परीक्षा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलून घेतले, मुंबईत बी.एम.एस.ऐवजी बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) असे नाव पुढे आले. परिणामी जवळपास समान विषयांचे, पण वेगळ्या नावाचे व वेगळ्या प्रवेशपद्धतीचे अभ्यासक्रम शेजारीशेजारी चालू झाले.

मराठवाडा व बीड जिल्हा

बीड जिल्ह्यातील महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ म्हणून स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठात संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान तसेच व्यवस्थापनशास्त्र हे दोन्ही विभाग आहेत.

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरितादेवीच्या मंदिरासाठी परिचित असलेले गाव. अशा गावातील विद्यार्थ्यास पदवी शिक्षणासाठी गेवराई, बीड किंवा छत्रपती संभाजीनगर यांपैकी एका ठिकाणी जावे लागते. परिसरातील अर्थव्यवस्था कापूस, ऊस व बाजार समित्यांच्या व्यवहारांवर उभी आहे. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात. हाच काळ महाविद्यालयांच्या पहिल्या सत्राच्या परीक्षांचा व दुसऱ्या सत्राच्या आरंभाचा असतो. पालक गावी नसताना घर, जनावरे व धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या मुलामुलींना नियमित उपस्थिती व संगणक प्रात्यक्षिके साधणे कठीण जाते. दुसरी अडचण भाषेची आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यास येथे पाठ्यपुस्तके व प्रश्नपत्रिका इंग्रजीत मिळतात. पहिल्या वर्षी अनुत्तीर्ण होण्यामागे विषयाच्या काठिण्यापेक्षा भाषेची अडचण पुष्कळदा अधिक असते.

शुल्क व सवलती

विनाअनुदानित तुकड्यांमुळे या अभ्यासक्रमाचे शुल्क पारंपरिक बी.ए., बी.कॉम.पेक्षा बरेच अधिक असते. वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. ही सवलत प्रवेश कोणत्या प्रक्रियेतून झाला यावर अवलंबून असल्याने सीईटीचा अर्ज राहून गेल्यास तिचा लाभही हुकतो. निवासासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे.

पुढील शिक्षण व व्यवसाय

पदवीनंतर एम.सी.ए. किंवा एम.बी.ए. हे दोन प्रमुख मार्ग आहेत. दोन्हींसाठी राज्यात स्वतंत्र सीईटी होते. पूर्वी तीन वर्षांचा असलेला एम.सी.ए. अभ्यासक्रम २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाला. एम.बी.ए.साठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. एम.सी.ए.साठी बी.सी.ए. पदवी ग्राह्य धरली जाते. अन्य नावाच्या पदवीधारकांच्या बाबतीत बारावीत अथवा पदवीत गणित होते का, हे पाहिले जाते. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी किरकोळ वाटणारा नावातील फरक तीन वर्षांनी निर्णायक ठरू शकतो.

पदवीधरांना सॉफ्टवेअर निर्मिती व चाचणी, विदा विश्लेषण, बँकिंग, विमा, ई-व्यापार व कार्यालयीन प्रणालींची देखभाल या क्षेत्रांत काम मिळते. मराठवाड्यातील पदवीधर नोकरीसाठी मुख्यतः पुण्याकडे, विशेषतः हिंजवडी व खराडी परिसराकडे वळतात. तथापि सहकारी पतसंस्था, जिनिंग कारखाने, कृषी सेवा केंद्रे व शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या कामकाजात संगणकाचा वापर वाढत असून, स्थानिक व्यवहार व मराठी भाषा जाणणाऱ्या पदवीधरास तालुक्याच्या ठिकाणीही वाव आहे.

हेही पाहा

* डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ
* यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ
* अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद
* गेवराई तालुका