साहित्यातली यादी : नुसती नावं मांडून लेखक काय साधतो?

वाणसामानाची यादी, लग्नाच्या आमंत्रणांची यादी, मतदार यादी. यादी म्हटलं की हेच आठवतं. पण एकामागून एक नावं, वस्तू किंवा गुण मांडत जाणं हे साहित्यातलंही फार जुनं तंत्र आहे.

व्यवहारातली आणि साहित्यातली यादी

इटालियन लेखक उंबेर्तो एको यांनी या विषयावर २००९ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते व्यवहारातली यादी मोजक्या, खऱ्या वस्तूंची असते आणि ती कुठेतरी संपते. साहित्यातली यादी मात्र ‘अजून बरंच सांगायचं राहिलंय’ असं सुचवते.

याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे होमरच्या ‘इलियड’चा दुसरा सर्ग. ट्रॉयवर चालून आलेल्या ग्रीक सैन्यातल्या सगळ्यांची नावं सांगणं दहा जिभा असल्या तरी शक्य नाही, असं कवी आधी कबूल करतो. मग तो फक्त नायक आणि जहाजं सांगतो, तरी यादी २९ तुकड्या आणि जवळपास १,२०० जहाजांपर्यंत जाते. सैन्य किती अफाट होतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

यादीत नाव असण्याची किंमत

या यादीला पुढे राजकीय वजनही आलं. सलामिस बेटावर हक्क सांगताना अथेन्सच्या लोकांनी होमरची साक्ष काढली, अशी नोंद ॲरिस्टॉटलने केली आहे. त्यासाठी यादीत एक ओळ मागाहून घुसवली, असा आरोपही प्राचीन काळीच झाला होता. कोणाचं नाव आहे आणि कोणाचं नाही, हा प्रश्न तेव्हाही साधा नव्हता.

यादी काम कशी करते?

- क्रम : साध्यापासून श्रेष्ठाकडे चढत गेलं की उत्कर्ष साधतो. आपल्या अलंकारशास्त्रात याला ‘सार’ म्हणतात.
- जोडशब्द : ‘धुणी, भांडी, केर, पाणी’ झटकन वाचून होतं. ‘धुणी आणि भांडी आणि केर आणि पाणी’ म्हटलं की त्यातला थकवा जाणवतो.
- वेगळी पडणारी वस्तू : ‘खोलीत एक खाट, एक कंदील, चार पुस्तकं आणि न पाठवलेली सतरा पत्रं होती.’ शेवटच्या वस्तूमुळे खोलीची गोष्ट होते.

अमेरिकी लेखक टिम ओब्रायन यांनी ‘द थिंग्ज दे कॅरिड’ (१९९०) या पुस्तकातल्या त्याच नावाच्या कथेत हे तंत्र पूर्ण ताकदीने वापरलं. व्हिएतनाम युद्धातले सैनिक पाठीवर काय काय वाहतात, याची वजनांसकट यादी येते. शस्त्रं, दारूगोळा, रेडिओ, पत्रं. त्याच यादीत पुढे भीती आणि आठवणीही येतात. यांचं वजन आकड्यात मांडता येत नाही, पण तोवर वाचकाला ते जाणवू लागलेलं असतं.

याउलट जपानी दरबारातल्या सेई शोनागोन यांनी इसवी सन १००० च्या सुमारास चीड आणणाऱ्या, काळजाचा ठोका चुकवणाऱ्या अशा गोष्टींच्या याद्या केल्या. त्यांतून वस्तूंपेक्षा बाईंचा स्वभावच जास्त कळतो.

आपल्याकडे

भगवद्गीतेचा दहावा अध्याय ही विभूतींची यादीच आहे, तर विष्णुसहस्रनामात नावांची माळ आहे. ‘ज्ञानेश्वरी’त एकच मुद्दा पटवण्यासाठी दृष्टान्तांमागून दृष्टान्त येतात. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) शब्दांचा असाच मारा आहे, पण तो सभ्य साहित्याने बाहेर ठेवलेल्या वस्तीचा.

अर्थात निव्वळ लांबीने यादी चांगली होत नाही. प्रत्येक नोंदीने काही नवं दिलं नाही, तर वाचक ओळी गाळतो. पण नेमकी यादी गर्दीतल्या एकेकाला वेगळं नाव देते. ‘हजारो गेले’ हे वाक्य पटकन वाचून होतं. त्याच जागी नावं असली, तर वाचकाला प्रत्येकापाशी थांबावं लागतं.