चेन्नई : लाटा, पूर आणि पुनर्वसन

गेल्या दोन दशकांत चेन्नई शहराने त्सुनामी, महापूर आणि चक्रीवादळ अशा तिन्ही आपत्ती अनुभवल्या आहेत. आपत्ती नैसर्गिक असली तरी हानी नैसर्गिक नसते, असे प्रतिपादन फिल ओकीफ, केन वेस्टगेट व बेन विस्नर या अभ्यासकांनी १९७६ मध्ये केले होते. चेन्नईतील घटनाक्रम त्याला पुष्टी देणारा आहे.

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रा बेटानजीकच्या भूकंपामुळे उसळलेल्या लाटा दोन तासांहून अधिक काळाने चेन्नईच्या किनाऱ्यावर आदळल्या. हिंदी महासागरासाठी त्या वेळी पूर्वसूचना यंत्रणाच नव्हती. हैदराबाद येथील केंद्र २००७ मध्ये कार्यान्वित झाले. तामिळनाडूत सुमारे आठ हजार लोक मृत्युमुखी पडले. कडलूर जिल्ह्यातील पाहणीत मृतांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट आढळले. खोल समुद्रात लाट फारशी उंच नसते, त्यामुळे होडीवर असलेले पुरुष बचावले. मासळी उतरवून घेण्यासाठी किनाऱ्यावर थांबलेल्या आणि मुले सांभाळणाऱ्या स्त्रिया मात्र लाटेच्या तडाख्यात सापडल्या.

चेन्नईतील अनेक आपद्‌ग्रस्त कुटुंबांना शहराच्या मध्यभागापासून सुमारे २५ किलोमीटरवरील सेम्मंचेरी येथे घरे देण्यात आली. समुद्राचे भय टळले. पण मासेमारी व घरकाम या रोजगारांची ठिकाणेही दुरावली. पहाटे बंदरावर पोहोचू न शकणाऱ्या मासेविक्रेत्या स्त्रीला पक्क्या घराचा उपयोग मर्यादितच. शिवाय ही वसाहत पळ्ळिकरणै पाणथळीलगतच्या सखल भागात आहे.

त्याचा प्रत्यय २०१५ मध्ये आला. त्या नोव्हेंबरात शहरात एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. १ डिसेंबरला अतिवृष्टी होऊन चेंबरम्बाक्कम जलाशयातून सेकंदाला २९,००० घनफूट पाणी सोडण्यात आले आणि अड्यार नदीने पात्र सोडले. या पुरास मानवी चुका कारणीभूत असल्याचा ठपका महालेखापरीक्षकांच्या अहवालात ठेवण्यात आला. त्या पावसामागे हवामानबदलाचा स्पष्ट ठसा आढळत नसल्याचा निष्कर्ष एका आंतरराष्ट्रीय संशोधकगटाने २०१६ मध्ये काढला. त्यामुळे जमीनवापर व जलाशयाचे नियोजन हे प्रश्न अधिकच ठळक झाले. पाणी उच्चभ्रू वस्त्यांतही शिरले. मात्र विमा, वरचा मजला आणि पगारी रजा ज्यांच्यापाशी होती, त्यांचा संसार लवकर सावरला. सेम्मंचेरीतील त्सुनामीग्रस्तांची घरे पुन्हा पाण्यात गेली.

पुरानंतर अड्यार व कूवम नद्यांच्या काठच्या झोपड्या अतिक्रमण ठरवून हटवण्यात आल्या आणि हजारो कुटुंबांची रवानगी पेरुंबाक्कम येथील बहुमजली इमारतींत झाली. हा परिसरही त्याच पाणथळीच्या कडेला आहे. शाळेचे वर्ष संपण्यापूर्वी झालेल्या स्थलांतरामुळे मुलांच्या शिक्षणात खंड पडल्याची नोंद अभ्यासकांनी केली. विमानतळाची अड्यार नदीवर उभारलेली दुय्यम धावपट्टी मात्र जागेवरच राहिली. अतिक्रमणाची व्याख्या कोणाला लागू होते, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या सहभागाने २०१९ मध्ये शहरासाठी पूर इशारा प्रणाली सुरू झाली. कोणता भाग किती बुडेल याचा अंदाज ती देते. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने शहर पुन्हा जलमय केले. मनली औद्योगिक क्षेत्रातील तेल पुराच्या पाण्याबरोबर एन्नोरच्या खाडीत पसरले. शहरातील रस्ते मोकळे झाल्यानंतरही तेथील मच्छीमारांच्या होड्या व जाळी तेलाने माखलेलीच होती.